फुरशांची खतावणी

कोकणातल्या मध्यमवर्गीय घरात पुस्तकांचे एक कपाट असतेच. वरच्या कप्प्यात ज्ञानेश्वरी, मधल्यात पु. ल. आणि तळाशी दिवाळी अंकांचा गठ्ठा. आमच्या कपाटात मात्र चारही कप्प्यांत साप आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, सगळे पुठ्ठ्याच्या बांधणीत. आमची ही त्या कपाटावरची धूळ काठीला फडके बांधून झटकते. ‘‘अगं, चित्रातला साप चावत नाही,’’ असे मी म्हटले की तिचे उत्तर तयार असते, ‘‘किंमत तर चावते ना!’’ ह्या युक्तिवादाला बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

पण रत्नागिरीच्या माणसाने सापांची पुस्तके जमवायची नाहीत, तर मग कुणी? हापूस पेटीतून परदेशी गेला, तसे आमचे फुरसे पुस्तकांतून गेले.

मी बँकेतला माणूस, म्हणून पुस्तके सालवार लावली आहेत. पहिला मान १७९६ च्या पॅट्रिक रसेलचा. हा कंपनी सरकारचा डॉक्टर. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर त्याने साप गोळा केले, त्यांची तेलुगू नावे विचारून लिहून घेतली आणि कुत्र्या-कोंबड्यांना चावे देववून विषाची परीक्षा केली. कोंबड्यांचे मत कुणी नोंदवलेले नाही. आपल्या घोणशीच्या शास्त्रीय नावात हा रसेल कायमचा चिकटून बसला आहे. त्याच्या शेजारी १८७२ चा फेअरर. त्यातली चित्रे कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी काढली. अर्थात ह्या दोघांच्या मूळ प्रती माझ्याकडे नाहीत. चार-चार पानांचे झेरॉक्स आहेत. फंडातून कर्ज काढले असते, पण अर्जावर ‘कारण’ हा रकाना असतो.

माझ्या कपाटातला खरा खजिना म्हणजे एक लेख आहे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. पुढल्याच वर्षी तिचा संसार फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या दुकानात थाटला गेला. सोयच म्हणायची, दोघांचेही काम बाटल्यांशी! ह्या सोसायटीच्या नियतकालिकात १८९० साली जी. डब्ल्यू. व्हिडाल ह्या सनदी अधिकाऱ्याने उत्तर कानडातल्या विषारी सापांवर लिहिले आणि सर्पदंशाचे सरकारी आकडे किती कच्चे आहेत, हेही सांगून टाकले. त्यातच आमच्या जिल्ह्याचा हिशेब आला.

त्या काळी रत्नागिरीत मेलेल्या फुरशामागे सरकार बक्षीस देई. सहा वर्षे दरसाल सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली. १८६२ च्या डिसेंबरात बक्षीस सहा पैवरून दोन आणे झाले. म्हणजे एकदम चौपट. मग काय विचारता! आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी हजर! एवढी गर्दी आमच्या काउंटरवर पगाराच्या दिवशीही होत नाही.

मी लगेच पेन्सिल घेतली. दोन आण्यांप्रमाणे खर्च झाला १४,४९० रुपये २ आणे. रोजची सरासरी काढली, तर तीही १४,४९० फुरशी! रुपयाला आठ फुरशी आणि दिवसही आठच, म्हणून हे जुळते. साहित्यात ज्याला ब्रह्मानंद म्हणतात, तो आम्हां कारकुनांना असल्या ठिकाणी मिळतो. आणि हा ढीग मोजणारा जो कुणी कारकून असेल, त्याला मी मनोमन नमस्कार केला. आम्ही नोटा मोजताना बोट ओले करतो. त्याने काय केले असेल?

एवढे करून फुरसे संपले का? छे! फुरशाची मादी अंड्यांच्या भानगडीत न पडता थेट पिल्लेच घालते. सरकारने मुद्दल मारले, तिने चक्रवाढ व्याज चालू ठेवले. आजही सड्यावरचा जांभा उचलताना माणूस आधी खाली बघतो.

मग साप मोजण्यापेक्षा ओळखणारी पुस्तके आली. १९०७ साली फ्रँक वॉल ह्या लष्करी डॉक्टरचे विषारी सापांवरचे पुस्तक सोसायटीनेच काढले. १९६५ साली हाफकिन संस्थेतल्या डॉ. पी. जे. देवरसांचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने काढले, १९७८ साली रोम्युलस व्हिटेकरांचे आले आणि १९८३ साली जे. सी. डॅनिअल यांचे. ही मात्र माझ्याकडे अख्खी आहेत.

ती कपाटात राहात नाहीत, हीच त्यांची थोरवी. आंब्याच्या बागेत गवत काढणारी माणसे मोबाइलवर फोटो घेऊन आमच्या दारात येतात. पुष्कळदा तो मांजऱ्या निघतो. फुरशासारखाच नक्षीदार, पण खवले गुळगुळीत, फुरशासारखे खरखरीत नव्हेत, आणि माणसाला त्याचे भय नाही. फुरसेच असले आणि ते चावले असेल, तर माझ्याकडे न येता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चौघांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवायचा नाही. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर मात्र ते चालत नाही, म्हणून दिसला तसा साप डॉक्टरांना सांगता आला पाहिजे. दोन आण्यांच्या हिशेबात हे कुठेच नव्हते. तिथे मेलेले फुरसे जमेला होते. चावलेला माणूस कुठल्या रकान्यात, ते व्हिडालसाहेबांनाच विचारावे लागले असते.

देवरसांचे पुस्तक सध्या शेजारच्या बागेतल्या गड्याच्या मुलीकडे आहे. आठवीत आहे, वाचते आणि बापाला सांगते. पुस्तके नेणाऱ्यांचे रजिस्टर मी ठेवलेले आहे. तिच्या नावापुढे परतीची तारीख घातलेली नाही. हिने ती कोरी जागा पाहिली आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.