दारिद्र्यरेषेचं कुळ

कलकत्त्याहून परमुलखात निघालेल्या गिरमिटिया मजुरांना जहाजावर रोज काय खायला द्यायचं, याचा तक्ता तिथल्या सरकारी डॉक्टरनं ठरवून दिला होता. तांदूळ, डाळ, थोडं मटण, भाजी, तूप, मोहरीचं तेल, मीठ. भारतातल्या दारिद्र्यरेषेचं मूळ या शिध्यात आहे. त्या शिध्यावरून गरिबी मोजणारा माणूस मुंबईचा, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला. दादाभाई नौरोजी.

1876 मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे दादाभाईंनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. आकडे सगळे सरकारचेच. प्रांतोप्रांतीच्या अहवालांतून त्यांनी पिकांची आणि इतर उत्पादनाची किंमत काढली, तिला लोकसंख्येनं भागलं. माणशी वर्षाला 20 रुपये आले. मग त्या शिध्याचा आणि साध्या कपड्यालत्त्याचा खर्च 1867-68 च्या भावांनी मांडला. तो प्रांताप्रमाणे 16 ते 35 रुपये भरला. बोटीवरचा शिधा तर नुसतं बसून राहणाऱ्या माणसाचा होता. नांगर धरणाऱ्याला तो पुरला नसता. शेजारी त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांवरचा सरकारी खर्चही ठेवला. कैद्याला मिळतं तेवढंही रयतेच्या वाट्याला येत नाही, हे साहेबाच्याच हिशेबाच्या वह्यांवरून सिद्ध झालं. आधी पोटापुरतं किती लागतं ते ठरवायचं आणि मग मिळकत त्याच्याशी ताडून पाहायची, ही रीत तेव्हापासूनची.

स्वातंत्र्यानंतर 1962 मध्ये सरकारी अभ्यासगटानं किमान गरज ठरवली ती 1960-61 च्या भावांनी दरमहा माणशी 20 रुपये. त्यात शिक्षण आणि दवाखाना धरला नाही. ते सरकार देणारच आहे, असं गृहीत होतं! या एका गृहीताची किंमत पुढं कितीतरी घरांनी सावकाराकडे जाऊन मोजली, असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी लोकसभेत राममनोहर लोहियांनी 27 कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात असं ठणकावलं, पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. दशमान पैसे येऊन सहा वर्षं झाली होती, पण गरिबी अजून आण्यांतच बोलली जात होती.

एवढा फरक पडायला जागा होती, कारण गरिबांचा खर्च मोजण्याचं साधन नवं होतं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकारानं 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. भारतात उत्पन्न विचारून उपयोग नसतो. शेतमजूर, फेरीवाला, दोन गुंठ्यांचा शेतकरी यांना महिन्याची मिळकत सांगता येत नाही. म्हणून घरोघरी जाऊन खर्च विचारायचा: गेल्या तीस दिवसांत तांदूळ किती, ज्वारी किती, रॉकेल किती.

या पाहण्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ बसले. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मोजमाप स्वच्छ होतं. दिवसाला 2250 कॅलरी मिळाव्यात इतपत खर्च कोणत्या पातळीवरची माणसं करतात ते पाहायचं. खेड्यात महिना 15 रुपये, शहरात साडेबावीस. 1960-61 मध्ये खेड्यातली सुमारे 40 टक्के आणि शहरातली जवळजवळ निम्मी माणसं याच्या खाली होती. पुण्यातूनच त्याला आव्हान आलं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, धडधाकट माणसाची गरजही एकसारखी नसते, शरीर कमी-अधिकाशी जुळवून घेतं. सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी नव्हे. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. वाद वर्षानुवर्षं चालला. माझा कल दांडेकरांकडे आहे. शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं हे खरं, पण ते जुळवून घेणं म्हणजे गरज भागणं नव्हे.

1979 मध्ये योजना आयोगाच्या कार्यदलानं खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 कॅलरी धरल्या. 1973-74 च्या पाहणीत तेवढ्या कॅलरी ज्या खर्चात मिळत होत्या तो खर्च म्हणजे रेषा: महिना माणशी खेड्यात 49 रुपये 9 पैसे आणि शहरात 56 रुपये 64 पैसे. खरी गोम इथून पुढं आहे. या वर्षाची त्या वर्षाशी तुलना करायची तर पट्टी बदलून चालत नाही. म्हणून त्या खर्चातल्या जिनसांची टोपली तशीच ठेवली, फक्त भाव वाढवत नेले. इकडे माणसं बदलत होती. एसटीचं तिकीट, वह्या, डॉक्टरची फी, सरपणाऐवजी विकतचं इंधन. रेषेवरचा माणूस रेषेवरच राहिला, पण त्याच्या पोटात पूर्वीइतक्या कॅलरी जाईनात. पट्टी स्थिर राहिली आणि मोजायची वस्तूच हातातून निसटली.

त्यात विचारण्याची तऱ्हा. 1999-2000 च्या पाहणीत खाण्याच्या जिनसा तीस दिवसांच्या आणि सात दिवसांच्या अशा शेजारी-शेजारी विचारल्या. सात दिवसांचं ताजं आठवतं, आकडा फुगतो. दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळली. गरिबी आधीच्या मोठ्या पाहणीतल्या 36 टक्क्यांवरून 26 वर आली. त्यातली किती माणसं खरोखर वर आली आणि किती प्रश्नावलीनं उचलली, यावर अर्थशास्त्रज्ञांनी पुस्तकं लिहिली.

2009 मध्ये सुरेश तेंडुलकर समितीनं कॅलरीचा खुंटा उपटला, शिक्षण-औषधाचा खर्च टोपलीत घेतला. पण नवी रेषा बेतताना शहरी गरिबीचा जुना 25.7 टक्क्यांचा आकडा तसाच धरला आणि खेड्यांची रेषा त्यावरून काढली. म्हणजे नव्या कपड्याला जुनंच माप. 2011 मध्ये हीच रेषा सर्वोच्च न्यायालयात शहरात दिवसाला 32 आणि खेड्यात 26 रुपये अशी सांगितली गेली, तेव्हा देशभर हसं झालं. महिन्याचा आकडा कुणाला टोचला नव्हता.

लोकांच्या तोंडी मात्र दारिद्र्यरेषा म्हणजे कार्ड. महाराष्ट्रात 1999 पासून शिधापत्रिकांना तीन रंग आले. गरिबांच्या पिवळ्या कार्डाला तेव्हा वर्षाला 15,000 रुपये मिळकतीची मर्यादा होती. नमुना पाहणीतून टक्के निघतात, नावं निघत नाहीत. नावांसाठी ग्रामविकास खात्याची वेगळी गणना, 2002 मध्ये तेरा निकषांवर गुण देऊन. दोन्हींचा मेळ कधी बसला नाही, आणि वशिला लागतो तो नावांच्या यादीत.

2014 मध्ये रंगराजन समितीनं रेषा वर नेली. 2011-12 साठी तेंडुलकर पद्धतीनं 21.9 टक्के गरीब होते, रंगराजन पद्धतीनं 29.5. तो अहवाल सरकारनं स्वीकारला नाही. 2017-18 ची पाहणी दर्जाचं कारण देऊन प्रसिद्धच केली नाही. 2022-23 ची आली ती वेगळ्या पद्धतीची: एका भेटीऐवजी तीन भेटी, जिनसांच्या तीन याद्या. जुन्या पाहण्यांशी ती किती जुळते यावर वाद सुरू झाला आहे, आणि सरकारनं तिच्यावर अजून अधिकृत रेषा आखलेली नाही.