कायद्याच्या रेषेपलीकडे

कायदा ही समाजाने आखलेली एक रेषा होय. रेषेच्या अलीकडे दोष, रेषेवर पाऊल ठेवले की दोषमुक्ती. परंतु त्या रेषेच्या कितीतरी पुढे जो स्वखुशीने जातो, त्याच्यासाठी कायद्याच्या पोथीत सहसा एकही शब्द नसतो. चोरी न करणाऱ्याला न्यायालय पारितोषिक देत नाही. आणि ते योग्यच आहे. मात्र कारखाने आणि नद्या यांच्या संबंधात हा सरळ न्याय अपुरा पडतो.

कारखान्याने नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात घाण किती असावी, याची मर्यादा कायदा ठरवितो. ती मर्यादा एकेका कारखान्यासाठी असते. नदी मात्र सर्वांची मिळून एकच असते. काठावरचे पन्नास कारखाने आपापली मर्यादा काटेकोरपणे पाळीत असतील, तरीही पन्नास निर्दोष प्रवाह एकत्र येऊन नदीचा प्राण घेऊ शकतात. शिवाय मर्यादेपाशी पोहोचलेल्या कारखानदाराला आणखी एक पाऊल पुढे टाकण्याचे काही कारण उरत नाही. उलट त्याच्या शेजारी कायदा सर्रास मोडणारा दुसरा कारखाना असेल आणि त्याला कोणी हात लावीत नसेल, तर प्रामाणिक माणसाचा खर्च तेवढा वाढतो आणि त्याचा माल महाग पडतो. अशा वेळी कायदा पाळणे हाच एक प्रकारचा दंड होऊन बसतो. या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक लक्षणीय प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस इंडोनेशियात झाला.

१९७०नंतरच्या दोन दशकांत जावा बेटावर कापड, कागद, रसायने आणि खाद्यपदार्थ यांचे कारखाने झपाट्याने वाढले. नद्यांचे पाणी काळे पडू लागले. कायदे होते, पण तपासनीस थोडे, न्यायालये संथ, आणि उद्योगपतींचे हात लांबवर पोहोचलेले. १९८९ साली सरकारने ‘प्रोकासिह’ नावाची मोहीम हाती घेतली. तेथील भाषेत ‘कली’ म्हणजे नदी आणि ‘बर्सिह’ म्हणजे स्वच्छ. ‘स्वच्छ नदी कार्यक्रम’ या शब्दांचेच हे संक्षिप्त रूप. नदीकाठच्या मोठ्या कारखान्यांनी घाण कमी करण्याचे लेखी वचन द्यावे, अशी ही योजना होती. काहींनी वचन पाळले, काहींनी ते कागदावरच ठेवले. परंतु या निमित्ताने कोणता कारखाना किती घाण सोडतो याची मोजमापे सरकारदप्तरी प्रथमच साठू लागली. पुढील प्रयोगाचे बीज या मोजमापांत होते.

पर्यावरणाची देखरेख करणाऱ्या ‘बापेदाल’ या सरकारी संस्थेतील अधिकारी नाबील मकारिम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक बँकेतील तज्ज्ञांच्या साह्याने एक साधी युक्ती योजली. शिक्षा करण्याचे बळ जर सरकारच्या हाती पुरेसे नाही, तर निदान खरे सांगण्याचे बळ तरी वापरावे. आकड्यांचे जंगल सामान्य माणसाला कळत नाही. रंग मात्र निरक्षरालाही कळतो. म्हणून प्रत्येक कारखान्याला पाचांपैकी एक रंग द्यावयाचे ठरले. घाण आवरण्याचा काहीच प्रयत्न न करणाऱ्याला काळा. प्रयत्न करूनही मर्यादेपर्यंत न पोहोचणाऱ्याला तांबडा. कायद्याची मर्यादा पाळणाऱ्याला निळा. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी घाण सोडून यंत्रणेची निगा उत्तम राखणाऱ्याला हिरवा. आणि पाणी, हवा व घातक कचरा या सर्वच बाबतींत आदर्श ठरणाऱ्याला सोनेरी.

या योजनेचे नाव ‘प्रोपेर’. तिचे मर्म निळ्या रंगाच्या जागेत आहे. कायदा पाळणे हे येथे शिखर नव्हे, तर मधली पायरी आहे. तिच्या खाली जशा दोन पायऱ्या, तशाच तिच्या वरही दोन. निर्दोष असणे आणि थोर असणे यांतील अंतर एखाद्या शासनाने इतक्या स्पष्टपणे मांडल्याची उदाहरणे विरळाच.

१९९५च्या जूनमध्ये पहिला निकाल लागला. १८७ कारखान्यांची परीक्षा झाली होती. त्यांपैकी ६ काळे ठरले, ११५ तांबडे, ६१ निळे आणि केवळ ५ हिरवे. सोनेरी रंग एकालाही मिळाला नाही. आरंभाच्या समारंभाची शोभा वाढावी म्हणून एखाद्या वजनदार उद्योगसमूहाला सोनेरी रंग बहाल करणे राजकीयदृष्ट्या किती सोयीचे झाले असते! तो मोह टाळला गेला, म्हणूनच उरलेल्या रंगांवर लोकांचा विश्वास बसला.

जाहीर करण्याची रीतही विचारपूर्वक ठरविलेली होती. प्रथम फक्त पाच हिरव्या कारखान्यांची नावे प्रसिद्ध झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष त्री सुत्रिस्नो यांनी त्यांचे जाहीर अभिनंदन केले. बाकीच्यांना त्यांचा रंग खाजगी रीतीने कळविण्यात आला, आणि डिसेंबरपर्यंत सुधारण्याची संधी देण्यात आली. आधी गौरव, मग मुदत, आणि त्यानंतर नाचक्की, असा हा क्रम होता. त्या सहा महिन्यांत काळ्या कारखान्यांची संख्या ६ वरून ३ वर आली. ज्यांना न्यायालयाची भीती वाटत नव्हती, त्यांना शेजाऱ्यांची आणि वृत्तपत्रांची वाटली.

पुढे अभ्यासकांनी कारखान्यांच्या व्यवस्थापकांना या बदलाची कारणे विचारली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. लोकलज्जेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे कारण ज्ञान हे होते. आपला कारखाना नेमकी किती घाण बाहेर टाकतो आणि ती कशी कमी करता येईल, हे पुष्कळ व्यवस्थापकांना त्या परीक्षेमुळेच नीट उमगले. लोकांसाठी धरलेल्या आरशात कारखानदारालाही आपला चेहरा दिसला.

१९९७ साली आशियातील आर्थिक अरिष्टाने इंडोनेशियाला ग्रासले. १९९८ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची दीर्घ सत्ता कोसळली. आणि त्या वावटळीत ‘प्रोपेर’ही बंद पडले. चांगली संस्था किती नाजूक असते, याचाच तो प्रत्यय होता. परंतु मकारिम पुढे स्वतः पर्यावरणमंत्री झाले आणि २००२ साली योजना पुन्हा सुरू झाली. कालांतराने परीक्षेत उतरणाऱ्या कारखान्यांची संख्या दोन हजारांच्याही वर गेली, आणि हिरव्या-सोनेरी रंगांच्या कसोटीत वीज व पाणी यांची बचत, जीवसृष्टीचे रक्षण आणि आसपासच्या वस्तीचे हित यांचाही समावेश झाला.

असा मान देण्यात धोका नसतो असे मात्र नव्हे. अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. १९८४ साली भोपाळला वायुकांड घडले. त्याचा धक्का त्या देशालाही बसला, आणि १९८६ साली तेथे कायदा झाला की कारखान्यांनी विषारी द्रव्यांच्या उत्सर्जनाचे आकडे लोकांपुढे ठेवावे. त्या आकड्यांच्या आधारे १९९१ साली तेथील पर्यावरण संस्थेने १७ घातक रसायनांचे उत्सर्जन १९८८च्या मानाने निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले. सक्ती नव्हती, तरी सुमारे १,३०० कंपन्यांनी ते स्वीकारले, आणि १९९५ साठी ठरविलेले उद्दिष्ट १९९४ सालीच गाठले गेले. पुढे २००० साली कायद्यापलीकडे जाणाऱ्या उद्योगांसाठी एक सन्मानसूची निघाली. सूचीतील कारखान्यांवर नेहमीच्या तपासण्यांचा भार कमी होणार होता. पण २००८ साली फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राने दाखवून दिले की, कायदा मोडणारे काही कारखानेही त्या सन्मानितांत बसले आहेत. २००९ साली सूचीच रद्द झाली. सन्मान मिळाला म्हणून तपासणी ढिली झाली, आणि तपासणी ढिली झाली म्हणून सन्मान पोकळ ठरला.

भारतातही या विचाराची वाटचाल झाली आहे. दिल्लीच्या ‘विज्ञान आणि पर्यावरण केंद्रा’ने १९९७ साली उद्योगांना पानांच्या चिन्हाने गुण देण्याचा उपक्रम आरंभिला. पाच पाने हा सर्वोच्च मान; परंतु १९९९ साली कागद गिरण्यांचा निकाल लागला, तेव्हा पाच पाने कोणत्याही गिरणीच्या वाट्याला आली नाहीत. महाराष्ट्रात ५ जून २०१७ रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांच्या मोजमापावरून एकापासून पाचापर्यंत तारे देण्यास आणि ते लोकांना पाहता येतील असे प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. चंद्रपूरच्या वा डोंबिवलीच्या रहिवाशाला धुराडे दिसत होतेच. धुराड्याचा हिशेब मात्र त्याला पूर्वी सहजासहजी मिळत नव्हता.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. गौरव हा कायद्याला पर्याय नव्हे. दंडाचा पाया ढासळला की त्यावरील सन्मानाचा कळसही टिकत नाही. पण केवळ दंडाने माणूस रेषेपर्यंतच येतो. रेषेच्या पुढची वाट त्याने चालावी असे वाटत असेल, तर ती कोण चालला हे खरेपणाने सांगणारा कोणी हवा. आणि खरे सांगणाऱ्याची कसोटी त्याने किती जणांना गौरविले यात नसते. जेव्हा लायक कोणीच नसतो, तेव्हा सोन्याचा रंग डबीतच ठेवण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे की नाही, यात ती असते.