किती माणसे येतील?

खुल्या मैदानावर गाण्याची मोठी बैठक करावयाची आणि त्यासाठी लहान गावाच्या नगरपालिकेची परवानगी मागावयाची, हा योग ज्याच्या वाट्याला एकदा तरी आला आहे त्याला रागदारीपेक्षा अर्जदारी किती अवघड असते हे सांगावयास नको. आमच्या गावच्या वाचनालयाच्या अमृतमहोत्सवात हा योग माझ्या वाट्याला आला. अर्ज मीच लिहिला होता. मराठी शिकविणाऱ्या मास्तराच्या हातचा अर्ज तो! त्यात संस्कृती होती, रसिकता होती, भावी पिढी तर ठायी ठायी होती. सभेत तो मोठ्याने वाचून झाला, तेव्हा एका वयस्क सभासदाने चष्मा कपाळावर चढविला आणि एवढेच विचारले, "मास्तर, माणसं किती येतील?"

मी म्हणालो, "येतील पाचशे-सहाशे."

आसपासच्या खेड्यांतून निरोप येऊ लागले होते. आकडा दोन हजारांच्या खाली जावयाचा नाही हे मला पक्के ठाऊक होते. पण दोन हजार म्हटले असते तर त्या लहानशा मैदानासाठी परवानगी मिळाली नसती, हेही तितकेच पक्के ठाऊक होते. परवानगी मिळाली. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. मात्र तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि त्याच्याच पायी मला एका परक्या मुलखातल्या हकीकतीची गोडी लागली. वूडस्टॉकचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. तिथले केस वाढवलेले तरुण, चिखल, गिटारी हे चित्रही डोळ्यांसमोर असते. पण त्या सगळ्याच्या आधी काही लहान गावांच्या पंचांसमोर एक अर्ज गेला होता, आणि त्यांनीही तोच प्रश्न विचारला होता, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

गोष्ट १९६९ सालची. मायकेल लँग, आर्टी कॉर्नफेल्ड, जॉन रॉबर्ट्स आणि जोएल रोझेनमन या चौघा तरुणांनी न्यूयॉर्क राज्यात तीन दिवसांचा संगीतमहोत्सव भरविण्याचे ठरविले. चौघेही पंचविशीच्या आगेमागे. पैसा मुख्यतः रॉबर्ट्सचा, त्याला वारसाने मिळालेला. वूडस्टॉक या गावाचे नाव त्यांनी कंपनीला दिले, कारण त्या गावी कलावंतांची वस्ती होती. पण गंमत अशी, की ज्या गावाचे नाव जगभर झाले त्या गावात तो महोत्सव झालाच नाही! तिथून कितीतरी मैल दूर, वॉलकिल येथे, एका गृहस्थाची तीनशे एकर जागा त्यांनी दहा हजार डॉलरांना ठरविली.

त्या राज्यातले 'टाउन' म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्या मधला प्रकार म्हणावा. सुपरवायझर हा तिथला अध्यक्ष. त्याच्यासोबत चार-दोन निवडून आलेले सभासद. बहुधा दुकानदार, शेतकरी, दिवसा आपापले काम करून संध्याकाळी सभेला बसणारे. अशा मंडळापुढे या तरुणांनी सांगितले, की पन्नास हजारांहून अधिक माणसे येणार नाहीत. पन्नास हजार! आमच्या सभासदाचा चष्मा पाचशेला कपाळावर गेला होता. तिथे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

गावकरी बिथरले. २ जुलैला मंडळाने कायदाच केला, की पाच हजारांहून अधिक माणसे जमवावयाची तर खास परवाना हवा. त्याच्या अटी अशा, की त्या पुऱ्या करता करता वर्ष उलटावे. आणि १५ जुलैला अर्ज साफ फेटाळला गेला. कारण काय? तर योजलेली फिरती शौचकुपे गावाच्या नियमांत बसत नाहीत! इतिहासात मोठमोठ्या योजना युद्धांनी मोडल्या, दुष्काळांनी मोडल्या. ही शौचकुपांनी मोडली. आपण हसतो खरे. पण लाखभर पाहुण्यांचा विचार करताना ज्या माणसाला प्रथम शौचकुपे आठवतात, तो माणूस मूर्ख नसतो. ज्याने घरी एकदा मुंज काढली आहे, त्याला हे कळेल.

महोत्सव ठरला होता १५ ऑगस्टला. हाती उरला एक महिना. जाहिराती झालेल्या, तिकिटे विकली गेलेली, कलावंतांना विसार दिलेले आणि जागा मात्र नाही. अशा वेळी बेथेल नावाच्या गावी मॅक्स यास्गर भेटला.

या माणसाशी आपली ओळख व्हावयास हवी. वय एकोणपन्नास. त्या सलिव्हन परगण्यात सर्वांत जास्त दूध काढणारा गवळी. हृदयविकाराने जर्जर. विचारांनी जुन्या वळणाचा, रिपब्लिकन पक्षाचा, व्हिएतनाममधल्या युद्धाचा पाठीराखा. म्हणजे जे तरुण येणार होते त्यांच्याशी त्याचे एकाही बाबतीत जमण्यासारखे नव्हते. त्याच्या रानात वाडग्यासारखा खोलगट उतार होता, तळाशी एक तळे. निसर्गानेच बांधलेले प्रेक्षागृह. भाडे मिळणार होते, आणि त्या पावसाळी वर्षी चाऱ्याचे नुकसान झालेल्या शेतकऱ्याला ते नको होते असे मी म्हणणार नाही. पण केवळ भाड्यासाठी कोणी शेजाऱ्यांशी वैर ओढवून घेत नाही. गावात फलक लागला, 'मॅक्सचा हिप्पी-जलसा बंद पाडा, त्याचे दूध घेऊ नका.' गवळ्याच्या पोटावर पाय देण्याचा याहून सरळ मार्ग नाही. सांगतात, की तो फलक पाहिल्यावरच त्याचा निश्चय पक्का झाला.

तो नगरमंडळापुढे उभा राहिला. त्याच्या बोलण्याचा आशय असा सांगतात: या पोरांचे केस मला आवडत नाहीत, त्यांचे राहणे आवडत नाही, त्यांची सरकारविषयीची मते तर मुळीच आवडत नाहीत, पण आपले सैनिक ज्या स्वातंत्र्यासाठी मरत आहेत म्हणून आपण म्हणतो, ते स्वातंत्र्य या पोरांनाही आहे. न आवडणाऱ्या माणसाची बाजू घेण्यासाठी आपल्याच आळीच्या विरुद्ध उभे राहावयाचे, याला काय लागते हे शहरात राहणाऱ्यांना कळावयाचे नाही. लहान गावात सकाळी ज्याच्याशी भांडावे, त्याच्याच दुकानातून संध्याकाळी मीठ आणावे लागते.

पुढचा भाग तर एखाद्या फार्ससारखा आहे. गावचा वकील, इमारतींचा निरीक्षक आणि सुपरवायझर डॅनियल अमातुची या तिघांनी परवाना मान्य केला. मंडळाने तो द्यावयाचे नाकारले आणि निरीक्षकालाच काम थांबविण्याच्या नोटिसा लावावयास सांगितले. मंजूर झालेले परवाने निरीक्षकाच्या खिशात, आणि हातात मनाईच्या नोटिसा! रोझेनमनने त्याची गाठ घेऊन न्याय-अन्याय समजावला, तेव्हा त्याने ते खिशातून काढून दिले. सरकारी माणसाच्या खिशातले कागद आणि हातातले कागद निराळे असतात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

आणि मग माणसे आली. एक लाख शहाऐंशी हजार तिकिटे आधीच विकली गेली होती. म्हणजे पन्नास हजारांचा आकडा केव्हाच खोटा ठरला होता. तो दुरुस्त करून गावाला कोणी सांगितला नाही, इतकेच. व्यासपीठ पुरे करावे की कुंपण, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी व्यासपीठ निवडले. मग तिकीट कोण विचारतो? चार लाखांहून अधिक तरुण त्या उतारावर जमले. गाव अडीच-तीन हजारांचे! मैलोगणती रस्ते मोटारींनी तुंबले. कलावंतांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. गव्हर्नर रॉकफेलर दहा हजार सैनिक पाठविण्याच्या विचारात होता. मोठ्या प्रयासाने त्याला थांबविण्यात आले.

पहिल्या दिवशी आरंभाचे चार शब्द बोलले ते आपल्याकडचे स्वामी सच्चिदानंद. त्याच रात्री भर पावसात रविशंकर सतारीवर बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. कुलकर्णी हे आडनाव त्या यादीत वाचले तेव्हा मला उगाच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. रविशंकरांना मात्र तो प्रकार रुचला नव्हता. चिखलात बसलेला तो समुदाय पाहून त्यांना आपल्याकडच्या, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

अन्न संपले, पाणी संपत आले. ज्या गावांनी 'येऊ नका' म्हटले होते, त्याच परगण्यातल्या घरांतून मग खाद्यपदार्थ गोळा झाले. जवळच्या माँटिसेलो गावी ज्यू बायाबापड्यांनी बसून सँडविचेस केली. कोणी पाणी विकतो आहे असे कानी येताच यास्गर संतापला, आणि त्याच्या गोठ्यापाशी 'पाणी फुकट' असा फलक लागला. रविवारी त्याला व्यासपीठावर बोलाविले. तो म्हणाला, मी शेतकरी माणूस, वीस जणांपुढेही मला बोलता येत नाही. पण एवढी मुले तीन दिवस एकत्र राहिली आणि त्यांनी गाण्याशिवाय व आनंदाशिवाय काही केले नाही, हे तुम्ही जगाला दाखविलेत. मारामारी अशी झालीच नाही, हे पोलिसांनीही मान्य केले. तरी सगळेच गोड नव्हते. अमली पदार्थांनी बळी घेतला. शेतात झोपलेला एक मुलगा ट्रॅक्टरखाली सापडून गेला. त्यांच्या आईबापांना तीन दिवसांच्या शांततेची थोरवी कोणी सांगावी?

तेव्हा खरे कोणाचे ठरले? आपण गाण्याच्या बाजूची माणसे. साहजिकच पंचांना हसतो. पण ओळीने पाहा. पंच म्हणाले, गर्दी आवरणार नाही. ती आवरली नाही. म्हणाले, रस्ते बंद पडतील, पडले. म्हणाले, शौचकुपे पुरणार नाहीत, पुरली नाहीत. कागदावरची त्यांची प्रत्येक भीती खरी झाली. खोटी ठरली ती एकच, आणि ती अर्जात कुठेच लिहिलेली नव्हती: ही पोरे वाईट आहेत, ही आपल्याला लुटतील. माणसांच्या संख्येविषयी पंच बरोबर होते, माणसांविषयी चुकले. आणि अर्जदार माणसांविषयी बरोबर होते, पण संख्या खोटी सांगून बसले. दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी सचोटी एकत्र आली असती, तर निदान कोणाला तहानलेले राहावे लागले नसते.

झळ लागली ती मधल्या माणसांना. अमातुची त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकीत थोडक्या मतांनी पडला. बेथेलने आणि राज्यानेही असे मेळावे पुन्हा होऊ नयेत म्हणून कायदे केले. शेजाऱ्यांनी यास्गरवर नुकसानीचे दावे लावले. पुढच्या वर्षी त्याने जागा देण्याचे नाकारले. १९७१ साली शेत विकले, फ्लोरिडात जाऊन राहिला, आणि १९७३ च्या फेब्रुवारीत हृदयविकाराने वारला. त्रेपन्न वर्षांचा होता. चौघा तरुणांच्या डोक्यावर दहा लाख डॉलरांहून अधिक कर्ज झाले. ते चित्रपटाच्या उत्पन्नातून हळूहळू फिटले. आणि आज? त्याच रानाशेजारी २००६ साली मोठे कलाकेंद्र उघडले, मागाहून संग्रहालय झाले. २०१७ साली ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदीत गेली. ज्याच्यासाठी दूध बंद करण्याचा फलक लागला होता, ते पाहण्यासाठी आता गावात पाहुणे येतात.

आता माझे. आमच्या बैठकीला तीन हजारांवर माणसे आली. गाणे अप्रतिम झाले. अजूनही लोक आठवण काढतात. पण मैदानाच्या कडेची जुनी भिंत, तिच्यावर बसलेल्या माणसांच्या भाराने, मध्यरात्री खचली आणि माझ्याच वर्गातल्या एका मुलाचा हात मोडला. रुग्णालयाच्या बाकावर पहाटेपर्यंत माझ्याशेजारी ते चष्मेवाले सभासद बसून होते. आकड्याविषयी त्यांनी एक अक्षर काढले नाही. काढले असते तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. त्यांनी पुन्हा चष्मा वर केला आणि विचारले, "मास्तर, माणसं किती येतील?"

"तीन हजार," मी म्हणालो. "थोडी जास्तच."

अर्ज नामंजूर झाला. त्या वर्षी आमच्या गावात गाणे झाले नाही. मला फार वाईट वाटले. पण रात्री झोप मात्र लागली.