दुसरा पडदा: कॅडच्या टेबलावर दोन मॉनिटर कसे आले?

१.
वास्तुविशारदाच्या किंवा यंत्ररचनाकाराच्या कचेरीत टेबलावर दोन, क्वचित तीन मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. ही अलीकडची चैन आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या दुसऱ्या पडद्यामागे चार दशकांहून मोठा इतिहास आहे, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते संगणकाच्याही आधीच्या एका लाकडी फळीपाशी जाऊन पोहोचते. आजचा धागा त्या फळीपासून.

२.
संगणकपूर्व काळातील आरेखन कार्यालयाचा केंद्रबिंदू म्हणजे ड्रॉइंग बोर्ड. त्यावर ताणून बसवलेला मोठा कागद, टी-स्क्वेअर, गुण्ये, पुढे ड्राफ्टर. ए-शून्य आकाराचा कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ एक चौरस मीटर. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर घेऊन शीटवर वाकून बसलेल्या विद्यार्थ्यांना या जगाची छोटी आवृत्ती परिचयाची आहे.

३.
या बोर्डाचा एक गुण इतका सहज होता की त्याला कोणी नावही दिले नाही. एक पाऊल मागे सरले की संपूर्ण रचना दिसे; पुढे वाकले की एकच छिद्र, एकच खाच. छेददृश्यात छिद्र सरकवले तर वरचे दृश्य आणि समोरचे दृश्य यांतही ते सरकवायला हवे, याची आठवण नजरच करून देई. तपासनीस रंगीत पेन्सिल घेऊन तोच कागद पुन्हा वाचे. समग्र आणि तपशील एकाच टेबलावर, एकाच वेळी हजर असत.

४.
आता १९६३. अमेरिकेतील एमआयटीचा विद्यार्थी आयव्हन सदरलँड याने पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली लिहिली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीने रेषा ओढता येत. त्या समांतर कर, लंब कर, सारख्या लांबीच्या कर, अशा अटी संगणकाला घालता येत. संगणकाधारित आरेखनाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा येथूनच सांगितला जातो.

५.
त्या पडद्याचा आकार मात्र फारसा सांगितला जात नाही. तो होता अवघा ७ इंच चौरस. चित्र सुमारे २००० पट मोठे करून पाहण्याची सोय होती. म्हणजे ७ इंचांच्या चौकोनी भोकातून जवळपास पाव मैल लांबी-रुंदीचा कागद पाहावा, तसा हा प्रकार. खुद्द सदरलँडनेही याच प्रतिमेचा आधार घेतला होता. कॅडची मूळ अडचण या एका प्रतिमेत सामावलेली आहे: कागद अफाट वाढला आणि त्याकडे पाहण्याची खिडकी वीतभर झाली.

६.
१९६४ मध्ये जनरल मोटर्सने आयबीएमच्या साहाय्याने घडवलेली डॅक-१ ही प्रणाली जाहीर झाली. त्याच वर्षी आयबीएमचा २२५० हा आलेख-पडदा बाजारात आला. त्याचे चित्रक्षेत्र १२ इंच चौरस. चित्र टिकवण्यासाठी ते सेकंदाला अनेकदा नव्याने काढावे लागे, आणि त्यासाठी लागणारी स्मृती तेव्हा अतिशय महाग होती. शिवाय रेषा वाढल्या की चित्र लुकलुकू लागे. मोटारी आणि विमाने बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनाच हा खर्च झेपण्यासारखा होता.

७.
किमतीची कोंडी फोडली ती टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या साठवण-नळीने. १९७२ मध्ये आलेल्या ४०१० या टर्मिनलमध्ये एकदा उमटलेली रेषा काचेमागच्या लेपावरच टिकून राही; चित्र साठवायला वेगळी स्मृती लागत नसे. त्यामुळे पडदा स्वस्त झाला आणि पुढे आकारानेही वाढला. पण एक रेषा पुसायची झाली, तरी हिरवा लखलखाट करून संपूर्ण पडदा कोरा करावा लागे आणि सारे चित्र पहिल्यापासून पुन्हा काढावे लागे.

८.
यातून एक विचित्र पेच उभा राहिला. संगणकाचे प्रश्न, आरेखकाच्या आज्ञा, चुकीच्या सूचना हा सगळा मजकूरही त्याच काचेवर उमटणार आणि तोही पुसला जाणार नाही. थोड्या वेळात चित्रावर अक्षरांचा थर साचे. मजकुराला निराळा पडदा देणे हा त्यावरचा सरळ उपाय होता. चित्र एकीकडे, संवाद दुसरीकडे. दोन पडद्यांमधील ही पहिली वाटणी: रेषा आणि शब्द यांची.

९.
दुसरी वाटणी अधिक महत्त्वाची. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथे १९६९ मध्ये जिम मेडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एम अँड एस कम्प्युटिंग’ ही कंपनी स्थापन केली. ही मंडळी आयबीएममध्ये सॅटर्न अग्निबाणाच्या मार्गदर्शन प्रणालीवर काम केलेली. १९८० मध्ये कंपनीचे नाव ‘इंटरग्राफ’ झाले. तिची दुहेरी पडद्यांची कार्यस्थानके नकाशे बनवणाऱ्या आणि मोठ्या कारखान्यांची आखणी करणाऱ्या कार्यालयांत पोहोचली.

१०.
नकाशाकाराला दोन पडदे का हवे होते, हे समजायला कठीण नाही. एका पडद्यावर संपूर्ण शहर, दुसऱ्यावर एकच चौक. चौकातील जलवाहिनी हलवली, तर ती शहराच्या जाळ्यात कोठे बसते हे मान वळवून पाहता येई. ड्रॉइंग बोर्डापाशी ‘एक पाऊल मागे’ सरण्याची जी सोय होती, ती येथे यंत्ररूपाने विकत मिळाली. किंमत मात्र जबर होती. ती वसूल व्हावी म्हणून अनेक ठिकाणी अशी यंत्रे दोन-दोन पाळ्यांत चालत.

११.
ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. त्याच्यासाठी दोन प्रकारची डिस्प्ले कार्डे मिळत. एमडीए हे कार्ड फक्त अक्षरे दाखवी, पण अतिशय रेखीव; सीजीए हे रंगीत चित्रे दाखवी, पण त्यावरची अक्षरे ओबडधोबड. दोन्ही कार्डे संगणकाच्या स्मृतीतील वेगवेगळे पत्ते वापरत. त्यामुळे ती एकाच पीसीत शेजारी बसवून दोन मॉनिटर चालवणे शक्य होते. या तपशिलाचा पुरेपूर फायदा कॅडवाल्यांनी उठवला.

१२.
जानेवारी १९८२ मध्ये जॉन वॉकर आणि सहकाऱ्यांनी ऑटोडेस्क कंपनी सुरू केली. नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ‘ऑटोकॅड’ लोकांपुढे आले. डॉसवरील ऑटोकॅड दोन मॉनिटरवर चालवता येई: एकावर आज्ञा आणि उत्तरे, दुसऱ्यावर निव्वळ आरेखन. ज्याच्याकडे एकच मॉनिटर असे, तो एफ-१ ही कळ दाबून चित्र आणि मजकूर यांच्यात उलटापालट करी.

१३.
या उलटापालटीची किंमत दिसत नसे, पण ती मोजावी लागे. समजा, एखाद्या रेषेची लांबी आणि तिच्या टोकांचे निर्देशांक विचारले. उत्तर आले की चित्र नाहीसे होई. कळ दाबून चित्र परत आणले की आकडे नाहीसे. मधले क्षणभराचे अंतर आरेखकाने आपल्या स्मरणशक्तीने किंवा कळफलकाशेजारच्या चिठोऱ्यावर भरून काढायचे. चौथ्या दशांश स्थानावरील अंक चुकला, तर दोष माणसाचा ठरे. दोन मॉनिटर असलेल्याला नुसती नजर फिरवावी लागे.

१४.
१९८७ च्या मॅकिन्टॉश-२ ने यापुढची पायरी गाठली. त्यात अनेक व्हिडिओ कार्डे बसवता येत आणि सर्व पडदे मिळून एकच सलग कार्यपट बनत असे. पीसीच्या जगात ही सोय संगणक-प्रणालीतच येण्यास १९९८ उजाडले. विंडोज-९८ ने नऊपर्यंत मॉनिटर जोडण्याची मुभा दिली. १९९९ मध्ये मॅट्रॉक्सच्या जी-४०० या एकाच कार्डावरून दोन मॉनिटर चालू लागले.

१५.
एक अडथळा अगदीच जड स्वरूपाचा होता. जाड काचेच्या नळीचा २१ इंची मॉनिटर २५-३० किलोंचा असे आणि टेबलाची बहुतेक खोली व्यापून टाकी. असे दोन ठेवायचे तर टेबलही तसेच भक्कम हवे. २००० नंतरच्या दशकात सपाट एलसीडी पडदे स्वस्त झाले, तेव्हा कुठे दुसरा पडदा लहान कचेऱ्यांच्या आवाक्यात आला.

१६.
सॉफ्टवेअर मात्र बराच काळ ‘एक टेबल, एक कागद’ या कल्पनेतच अडकलेले होते. ऑटोकॅडमध्ये एकाच वेळी अनेक आरेखने उघडण्याची सोय १९९९ च्या ‘ऑटोकॅड २०००’ पासून आली. उघडलेले आरेखन मुख्य चौकटीतून उचलून सरळ शेजारच्या मॉनिटरवर नेऊन ठेवता येऊ लागले, ते २०२१ मधील ‘ऑटोकॅड २०२२’ पासून. हे साधे वाटणारे काम करायला एका सर्वपरिचित प्रणालीला चार दशके लागली.

१७.
आता थोडा हिशेब. २४ इंची रुंद मॉनिटर साधारण ५३ × ३० सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ०.१६ चौरस मीटर. दोन मॉनिटर मिळून ०.३२. ए-शून्य कागदाच्या जेमतेम तृतीयांश! त्या कागदाएवढे क्षेत्र मिळवायचे तर असे सहाहून अधिक मॉनिटर लागतील. पडद्यावर चित्र हवे तितके लहान-मोठे करता येते हे खरे. पण लहान केले की तपशील जातो आणि मोठे केले की संदर्भ जातो.

१८.
आणखी एक गोष्ट दुसऱ्या पडद्यानेही परत आणली नाही. बोर्डावरचे काम सर्वांना दिसे. येता-जाता एखादा ज्येष्ठ आरेखक थांबे, उमेदवाराच्या कागदावर बोट ठेवी, “हा बोल्ट घट्ट करायला पाना कुठून घालणार?” असे विचारी. पडदा त्याच्यासमोर बसलेल्या एकट्याचा असतो. दुसरा पडदाही त्याच एकट्याकडे तोंड करून असतो. कार्यालयाच्या सामाईक नजरेचे पुढे फारसे काही उरले नाही.

१९.
त्या नजरेचे मोल एअरबसला २००६ मध्ये कळले. ए-३८० विमानातील वायरींची एकूण लांबी सुमारे ५३० किलोमीटर. हॅम्बुर्गचे आरेखक कॅटिया या प्रणालीची चौथी आवृत्ती वापरत, तुलूझचे पाचवी. हॅम्बुर्गहून आलेले वायरींचे जुडगे तुलूझमध्ये बसवू लागल्यावर ते आखूड पडू लागले. विमान सुमारे दोन वर्षे लांबले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. पडद्यांची वाण कोणत्याच कार्यालयात नव्हती. वाण होती ती दोन्हीकडची आरेखने वेळीच एका टेबलावर शेजारी शेजारी येण्याची.

२०.
म्हणून दुहेरी मॉनिटरचा इतिहास केवळ यंत्रांच्या प्रगतीचा म्हणून वाचणे अपुरे ठरते. ७ इंचांच्या काचेत शिरताना आरेखकाने जे टेबल गमावले, ते तुकड्या-तुकड्याने परत मिळवण्याचा हा प्रयत्न आहे: आधी शब्द आणि रेषा वेगळ्या केल्या, मग शहर आणि चौक शेजारी ठेवले, मग दोन आरेखने. क्षेत्रफळाने तृतीयांश टेबल परत मिळाले आहे. पाना कुठून घालणार असे विचारणाऱ्या ज्येष्ठाची जागा मात्र अजून रिकामी आहे.

(धागा समाप्त)