चिल्लरमधला इतिहास: चवली-पावली ते हिऱ्याची खूण

आजचा भाग ऐकताना एक काम करा. खिशातलं, बॅगेच्या तळाचं, गाडीच्या कप्प्यातलं, कुठलंही एक नाणं हातात घ्या. सापडत नाहीये? मग तोही आजच्या विषयाचाच भाग आहे.

सापडलं असेल तर वर्ष शोधा आणि त्याच्या खाली नीट बघा. छोटा हिरा दिसला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचं. नुसता ठिपका असेल तर नोएडाचं. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. हे कळल्यापासून मी सुट्टे मोजण्याआधी उलटून बघते. मागे रांग असली तर लोक वैतागतात, पण चालायचंच!

कधीकधी नाणं त्याहून लांबचं निघतं. १९८५ चे काही रुपये ब्रिटनमध्ये पाडून घेतले होते. वर्षाखाली रोमन ‘एच’ अक्षर दिसलं तर तो रुपया बर्मिंगहॅमहून आलेला. भारताचा रुपया, जन्म इंग्लंडचा!

आता जरा मागे जाऊ. आपण ‘सोळा आणे खरं’ म्हणतो, ‘चार आणे’, ‘आठ आणे’ म्हणतो. रुपयाचे १६ आणे, म्हणजेच ६४ पैसे होते, तेव्हाची ही भाषा. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० पैसे झाले. जुन्या पैशाशी घोळ होऊ नये म्हणून नाण्यावर ‘नये पैसे’ लिहिलं जायचं. १९६४ मध्ये ‘नये’ गेलं. आणा तर व्यवहारातून कधीच गेला, पण आपल्या जिभेवर अजून आहे. आजीच्या डब्यात ‘नये पैसे’वालं नाणं दिसलं, तर ते त्या सात वर्षांतलं आहे, हे लगेच ओळखा.

मला सगळ्यात जास्त मजा येते ती स्मारक नाण्यांत. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया. १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं. २००२ चे तुकाराम महाराज, तेही दोन रुपयांवर. आणि २००३ मध्ये रेल्वेची १५० वर्षं झाली, तेव्हाचा हातात कंदील घेतलेला ‘भोलू’ हत्ती! बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची, म्हणजे हे नाणं आपल्याच घरचं. माझे शिवाजी महाराज वाण्याच्या गल्ल्यातून आले. दोन रुपयांना दोन रुपयेच दिले!

आणि मुद्दा इथेच आहे. ‘हे नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा’ असे व्हिडिओ तुम्हालाही येत असतील. आमच्या ओळखीच्या एका काकांकडे असल्याच एका ‘खरेदीदारा’ने आधी ‘नोंदणी फी’ मागितली, मग ‘कर’. पैसे गेले, नाणं घरातच राहिलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सावध केलं होतं: अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, ती कसलंही कमिशन घेत नाही. साधा नियम लक्षात ठेवा. विकत घेणारा तुमच्याकडेच आधी पैसे मागत असेल, तर तो नाण्यासाठी आलेलाच नाही.

हा छंद श्रीमंत करत नाही. पण तो फुकट आहे, आणि त्याला वेळ थोडा उरलाय. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैसे कायद्याने अजून चालतात, पण शेवटचे कधी पाहिलेत? त्यात आता भाजीवालीकडेही क्यूआर कोड आहे. मीही तोच वापरते. म्हणजे ज्या चिल्लरीत हा इतिहास फिरतो, ती आपल्याच हाताने आटतेय.

म्हणून या आठवड्यात एकदा तरी रोख पैसे द्या. आणि सुट्टे नाहीत म्हणून कुणी चॉकलेट पुढे केलं, तर हसून म्हणा, ‘दादा, शोधा ना जरा, सुट्टेच द्या!’

भेटू पुढच्या भागात.