धंद्याने माशीमार

सुरतेच्या आग्नेयेला, डांगच्या जंगलात हिवाळ्यात एक चिमुकला पाहुणा उतरतो. जेमतेम पाच इंचांचा, डोकं आणि छाती राखी, पोट पिवळंजर्द, पाठ हिरवट. फांदीवर ताठ बसायचं, उडत्या किड्यावर झेप घ्यायची आणि पुन्हा फांदी गाठायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. त्यामुळे त्याला राखी डोक्याचा माशीमार म्हणताना कुणी फारसं अडखळलं नाही. पण तो धंद्याने माशीमार आहे, रक्ताने नव्हे. विल्यम स्वेन्सनने 1820 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा रुंद, चपटी चोच पाहून त्याला प्लॅटिऱ्हिंकस या थेट दक्षिण अमेरिकेतल्या प्रजातीत बसवलं. हत्यार पाहून आडनाव सांगण्यातलाच हा प्रकार! चीनमध्ये वकिलातीत असलेल्या रॉबर्ट स्विन्होने 1871 मध्ये क्युलिसिकापा ही वेगळी प्रजाती केली. तिच्यात जाती दोनच: एक हा, दुसरी वॉलेसने 1865 मध्ये वर्णिलेली, सुलावेसी आणि फिलिपिन्सची. घर स्वतंत्र मिळालं, तरी वाडा जुन्या जगातल्या माशीमारांचाच राहिला.

यावर कुणी म्हणेल, चपटी चोच, तिच्या मुळाशी राठ केस, झेपेची तीच ढब, इतकं साम्य काय योगायोगाने येतं? योगायोगाने नाही, कामामुळे येतं. हवेतला किडा पकडायचा तर चोच रुंदच हवी, मग पक्षी ब्राझीलचा असो की सह्याद्रीचा. स्वेन्सन फसला तो नेमका इथेच. कामाशी संबंध नसलेल्या खुणा वेगळंच सांगत होत्या. खऱ्या माशीमारांची पिल्लं ठिपकेदार असतात, याची तशी नसतात. शेवाळ आणि कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली अर्धी वाटी हा शेवाळलेल्या खोडाला किंवा खडकाला चिकटवतो, हीदेखील त्याची स्वतःची तऱ्हा. अर्थात निव्वळ घरट्यावरून निकाल देणंही धाडसाचंच. तो दिला डीएनएने. 2005 मध्ये स्टेनोस्टिरिडी हे कूळ मांडलं गेलं. आफ्रिकेतल्या स्टेनोस्टिरा आणि एल्मिनिया यांच्या पंगतीला क्युलिसिकापा बसली, आणि सगळ्यांचं नातं निघालं टिट पक्ष्यांशी. एकाच जनुकावर कुळं उलथवू नयेत, हा आक्षेप रास्त आहे; पण इथे वेगवेगळ्या जनुकांची साक्ष एकाच दिशेने गेली. 2009 मध्ये तर हिमालयातला पिवळ्या पोटाचा नाचणही, शेपटीचा पंखा उघडतो म्हणून नाचणांत गणला गेलेला, याच कुळात येऊन दाखल झाला.