इतिहासाचा तास आणि आठ तासांची पाळी

विद्यापीठाच्या फाटकावर फलक लावला होता. जागतिक घडामोडी आणि इतिहास, सार्वजनिक व्याख्यान, सर्वांना प्रवेश. रात्रपाळी संपवून, थोडा डोळा लावून मी गेलो. दारात एकानं वही पुढं केली. नाव लिहिलं. पुढचा रकाना 'विभाग'. मी लिहिलं, 'रिंग फ्रेम'. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. म्हणाला, "असा विभाग नाही आपल्याकडं." मी म्हटलं, "तुमच्याकडं नसंल. आमच्याकडं आहे. तीन पाळ्या चालतो."

वक्ते विद्वान होते, त्यात खोटं नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या जगावर दीड तास बोलले. १९१९ ची पॅरिस परिषद, व्हर्सायचा तह, जर्मनीवर लादलेली भरपाई, राष्ट्रसंघ, नव्या सरहद्दी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पण दीड तासात त्या नकाशावर एकही कामगार दिसला नाही. शेवटी हात वर केला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि आभार मानले. राहिलेला तो प्रश्न इथं मांडतोय.

प्रश्न साधा आहे. ज्या तहावर तुम्ही दीड तास बोललात त्याच तहात आमच्या पाळीचे तास लिहिलेत. ते का सांगितले नाहीत?

व्हर्सायच्या तहाचा १३ वा भाग कामगारांविषयी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना त्यातूनच उभी राहिली. ८ तासांचा दिवस किंवा ४८ तासांचा आठवडा हे गाठायचं माप, असं त्या तहात छापलंय. साहेबांच्या काळजाला पाझर फुटला म्हणून हे झालं नाही. १९१७ साली रशियात क्रांती झाली होती, युरोपात संप पेटले होते, राज्यकर्त्यांच्या पोटात गोळा आला होता. पण त्याच तहात असंही म्हटलंय की हवामान, चालीरीती, उद्योगांची परंपरा ठिकठिकाणी वेगळी, म्हणून सगळीकडं एकच नियम तंतोतंत लावणं अवघड. हवामान आणि चालीरीती! दोस्तांनो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. 'असंच चालत आलंय' हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी गावकुसाबाहेर उभं राहून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय.

त्याच १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांच्या बाजूनं ना. म. जोशी गेले होते. तिथला पहिलाच करार कारखान्यातल्या तासांचा. दिवसाला ८, आठवड्याला ४८. आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळं कलम : आठवड्याला ६०. आता खरं ते सांगितलं पाहिजे. ६० हीसुद्धा सुधारणाच होती, कारण १९११ चा कायदा कापड गिरणीत पुरुषाकडून दिवसाला १२ तास काम घेऊ देत होता. पण हिशेब करा. जगाचा कामगार ४८, आपला ६०. दर आठवड्याला १२ तास जास्तीचे. त्या १२ तासांत माणूस पोराला मांडीवर घेतो, सभेला जातो, एखादं पुस्तक उघडतो. एका कलमानं ते तास गेले. आणि लोक म्हणतात, आंतरराष्ट्रीय राजकारणाशी गिरणीवाल्याचा काय संबंध!

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. पॅरिसला कामगारांचा हा मसुदा घडत होता तेव्हा अमेरिकेच्या बाजूनं त्या कामात जेम्स शॉटवेल नावाचा माणूस होता. तो कोलंबिया विद्यापीठात इतिहास शिकवायचा. त्याच कोलंबियात १९१३ ते १९१६ आपले बाबासाहेब शिकत होते. १९३० साली त्यांनी आपल्या थोर शिक्षकांची आठवण लिहिली, त्यात चार नावं घेतली : जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. त्यातले दोघं इतिहासाचे. अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या माणसानं इतिहासाचेही ढीगभर अभ्यासक्रम घेतले. का घेतले? ज्याला स्वतःचा इतिहास लिहू दिला नाही, त्याला जगाचा इतिहास वाचल्याशिवाय आपल्या बेडीची जात कळत नाही, असं मला वाटतं.

पण ते नुसते ऐकत बसले नाहीत. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी हिंदुस्थानातल्या जातींवर निबंध वाचला. वय २५. आपल्यातल्या कित्येकांचं आज तेवढंच वय आहे. ज्या वर्गात शिकायला बसले, त्या वर्गाला त्यांनी त्या दिवशी शिकवलं.

आणि पुढं? २५ डिसेंबर १९२७, महाड. समोर हजारो माणसं, बहुतेकांना अक्षर ठाऊक नाही. त्यांच्यापुढं बाबासाहेब १७८९ सालची व्हर्सायमधली फ्रेंच राष्ट्रसभा उभी करतात. आपली सभा कोणत्या तोलाची आहे हे सांगायला त्यांना फ्रान्सचा दाखला लागला, आणि आपल्या अडाणी माणसांना तो कळणार नाही असं त्यांच्या मनात आलं नाही. मी तर म्हणतो, विद्यापीठाचं सार्वजनिक व्याख्यान म्हणजे काय ते महाडच्या त्या मांडवात कळतं.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याचे तास १९२२ च्या कायद्यानं ६०, १९३४ च्या कायद्यानं ५४ असे उतरत आले होते. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक बाबासाहेबांनी मांडलं आणि बारमाही कारखान्यांसाठी ५४ चे ४८ झाले. १९१९ साली जगानं जे माप मान्य केलं ते आपल्या कामगाराच्या पदरात पडायला २७ वर्षं गेली. शॉटवेलच्या वर्गामुळं कायदा झाला असं मी म्हणत नाही. त्यामागं संप आहेत, उपाशी पोटं आहेत, गोळ्या आहेत. पण विधेयक हातात घेऊन उभा राहिलेला माणूस जगाचा इतिहास कोळून प्यायला होता, हे विसरायचं नाही.

आता एक कडू गोष्ट. जगाच्या कोणत्या करारात तेव्हा हे लिहिलं नव्हतं की मुंबईच्या गिरणीत विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि धाग्याचं टोक तोंडानं ओढायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून जास्त मजुरीचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. ८ तास सगळ्यांना पाहिजे होते, धोटा मात्र एकट्याला! म्हणून जगाचा इतिहास शिकताना आपला प्रश्न खिशात घेऊनच बसायचं. जग शिकून जात विसरलात तर अर्धवट, आणि जात धरून जग सोडलंत तरी अर्धवटच.

त्या चौघांतला रॉबिन्सन. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया नव्हेत, असं तो म्हणायचा. १९१९ साली त्यानं कोलंबिया सोडलं आणि सोबत्यांबरोबर न्यूयॉर्कमध्ये न्यू स्कूल काढलं, वयात आलेल्या माणसांनी येऊन शिकावं म्हणून. इकडं १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. वर्ग सकाळी, म्हणजे पोरगा शिकून नोकरीवर जाऊ शकंल. शिक्षणाची वेळ कोणाच्या घड्याळानं ठरवायची, हा राजकारणाचा प्रश्न आहे. तो त्यांनी आपल्या बाजूनं सोडवून दाखवला.

आणि हा इतिहास संपलेला नाही. २०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कायम, जादा कामाला कामगाराची संमती लागंल, असं सांगतात. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही त्याची संमती कशी घेतात, ते आम्हाला विचारा.

म्हणून दोस्तांनो, विद्यापीठात जिथं जिथं 'सर्वांना प्रवेश' असं लिहिलंय तिथं जा. मागं बसू नका, पुढं बसा. वही न्या. वक्त्याचं चांगलं असंल ते घ्या, त्याला शिव्या घालून आपलं शहाणपण वाढत नाही. पण प्रश्न विचारा. तहात कामगार कुठं होता? क्रांतीत गुलाम कुठं होता? स्वातंत्र्यात महारवाडा, मांगवाडा कुठं होता? वेळ संपली म्हणाले तर बाहेर जिन्यावर गाठून विचारा.

आणि ऐकलेलं घरी दडवून ठेवू नका. रविवारी विहारात दहा माणसं जमवा, भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि सांगा, आपल्या आईबापाच्या बोलीत सांगा. पाळीचे ८ तास कुठून आले, हे ज्याला माहीत असंल, त्याच्याकडून ते सहजासहजी कोणाला काढून घेता येणार नाहीत.

जय भीम.